सुके बोंबील, जुलैची हवा आणि नॅनो-लेप: कुजणाऱ्या पॅकिंगचं कोडं कुठे अडलंय?

भाईंदर पश्चिमेहून उत्तनला जाणारी बस डोंगरीवरून पुढे समुद्राच्या बाजूला जाते. पावसाळा सरला की या किनाऱ्यावर वलांड्या उभ्या राहतात. बांबूंना दोर बांधलेले, आणि त्यावर जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने लटकवलेले बोंबील. ऊन आणि वारा मिळाला की ते कडक होतात. पुढचे कित्येक महिने ते टिकवायचे असतात, आणि त्या काळात त्यांचा खरा शत्रू एकच: हवेतला ओलावा.

आता गंमत बघा. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. ताजी मासळी कमी, म्हणून सुक्याला गिऱ्हाईक जास्त. आणि नेमकी तेव्हाच हवा वर्षातली सगळ्यात दमट. मुंबईच्या पट्ट्यात जुलैमध्ये सापेक्ष आर्द्रता सरासरी ८५ टक्क्यांच्या आसपास असते. पिशवी उघडी राहिली की दोन दिवसांत बोंबील मऊ पडतात, मग वास बदलतो, मग बुरशी.

आज त्यांना वाचवतं ते साधं पॉलिथीन. स्वस्त, हलकं, आणि पाण्याच्या वाफेला जवळजवळ दाद न देणारं. पण पिशवी रिकामी झाल्यावर काय? मीरा-भाईंदरचा कचरा उत्तनजवळच्या धावगी डोंगरावर जातो. जो तिथपर्यंत पोचत नाही तो नाल्यातून खाडीत, खाडीतून समुद्रात, आणि समुद्रातून मासळीसोबत परत जाळ्यात.

म्हणजे आपल्याला हवंय असं पॅकिंग, जे जुलैमध्ये सहा-आठ आठवडे पाणी आत येऊ देणार नाही, आणि फेकल्यावर मात्र पाण्याला आणि जिवाणूंना शरण जाईल. एकाच वस्तूकडून दोन उलट कामं! ‘नॅनोमटेरियल घातलेले जैवविघटनशील लेप’ या विषयावर जगभर जे संशोधन चाललंय, त्याच्या मुळाशी हा विरोधाभास आहे. तो समजला की बाकीचं सोपं आहे.

पाण्याची मैत्री, पाण्याशी वैर

पॉलिथीनच्या साखळीत फक्त कार्बन आणि हायड्रोजन. पाण्याच्या रेणूला तिथे पकडायला काहीच नसतं, त्यामुळे तो आत शिरतच नाही. निसर्गातली पॉलिमर, म्हणजे स्टार्च, सेल्युलोज, कोळंबीच्या टरफलापासून मिळणारं कायटोसान, यांच्या साखळीवर जागोजागी ऑक्सिजन-हायड्रोजनचे गट लटकलेले असतात. पाणी त्यांना चिकटतं. साखळ्या फुगतात, एकमेकींपासून सरकतात आणि वाट मोकळी होते. मका किंवा उसाच्या साखरेपासून बनणारं पीएलए या दोघांच्या मधलं: पाण्यात विरघळत नाही, पण वाफेला पॉलिथीनपेक्षा बरंच जास्त आत येऊ देतं.

ऑक्सिजनच्या बाबतीत मात्र चित्र उलटं आहे. पॉलिथीनमधून ऑक्सिजन सहज जातो. म्हणूनच तेलकट वेफर्सच्या पिशवीला आतून चकचकीत धातूचा थर द्यावा लागतो, नाहीतर तेल खवट होईल. आणि सेल्युलोज किंवा कायटोसानची कोरडी फिल्म ऑक्सिजन फार चांगला अडवते. ‘कोरडी’ हा शब्द इथे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

शिवाय पीएलए ठिसूळ आणि आवाज करणारं. २०१० मध्ये अमेरिकेत सनचिप्सची कंपोस्ट होणारी पिशवी बाजारात होती. ती हातात घेतली की इतकी कर्कश्श वाजायची, की लोकांनी तक्रारींचा पाऊस पाडला आणि कंपनीने बहुतेक फ्लेवर्ससाठी ती त्याच वर्षी मागे घेतली. पर्यावरणासाठी लोक थोडे पैसे जास्त देतील, पण रात्री टीव्हीसमोर चिप्स खाताना घर जागं होणार असेल तर नाही!

लेपच का? अख्खी पिशवीच का नाही?

कारण ताकद द्यायला कागद आहेच. कागद कुजतो, स्वस्त आहे, छपाई छान होते. त्याचा दोष एवढाच की तो आतून जाळीसारखा असतो. त्यावर काही मायक्रॉन जाडीचा थर दिला की काम होतं. टपरीवरचा कागदी कप हेच करतो, फक्त त्याचा आतला थर बहुतेक वेळा पॉलिथीनचा असतो. घरी करून बघा: वापरलेला कप रात्रभर पाण्यात भिजवा आणि सकाळी कागद चोळून काढा. हातात पातळ, पारदर्शक पापुद्रा उरेल. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं की अशा कपात १०० मिली गरम पाणी १५ मिनिटं ठेवलं तर त्यात सुमारे २५,००० सूक्ष्म प्लास्टिक कण उतरतात.

महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिक-थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी आणली, हे सगळ्यांना आठवत असेल. जुलै २०२२ मध्ये प्लास्टिकचा लेप असलेल्या कागदी प्लेट-कप-वाट्याही त्यात आल्या. मग त्याच वर्षाच्या अखेरीस कंपोस्ट होणाऱ्या पदार्थापासून बनलेल्या कप-प्लेटना प्रमाणपत्राच्या अटीवर सूट मिळाली. म्हणजे आपल्याकडे सगळी लढाई त्या काही मायक्रॉनच्या थरावर येऊन ठेपली आहे. कागद कोणाच्याच आड येत नाही.

नॅनोकण आत जाऊन करतात काय?

नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. आपला केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड. बेंटोनाइट मातीतलं मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज सुट्या पत्र्यांचं बनलेलं असतं. एकेक पत्रा फक्त १ नॅनोमीटर जाड, पण शेकडो नॅनोमीटर रुंद. पत्त्यांच्या कॅटसारखा. १९८० च्या दशकात टोयोटाच्या संशोधकांनी असे पत्रे नायलॉनमध्ये मिसळून मजबूत पदार्थ बनवला, तो गाडीच्या इंजिनाच्या भागांत वापरला गेला, आणि तिथून ही कल्पना पॅकिंगमध्ये आली.

लेपात हे पत्रे आडवे पसरले की पाण्याच्या किंवा ऑक्सिजनच्या रेणूला सरळ वाट मिळत नाही. प्रत्येक पत्र्याला वळसा घालत जावं लागतं. लेप तेवढाच पातळ, पण प्रवास लांब. गणपतीच्या मंडपातल्या रांगेचं जसं असतं: मूर्ती वीस फुटांवर दिसते, पण बांबूच्या आडोशांमुळे तुम्ही दोनशे फूट चालता.

याचं साधं गणित एल. ई. नील्सन यांनी १९६७ मध्ये मांडलं. पत्रा जाडीच्या किती पट रुंद आहे, आणि लेपाच्या आकारमानात पत्र्यांचा वाटा किती, एवढ्या दोन संख्या लागतात. वाटा ५ टक्के धरू. कण ठोकळ्यासारखे, लांबी-जाडी सारखीच असेल तर लेपाची पारगम्यता मूळच्या ९३ टक्के राहते, म्हणजे जवळजवळ काहीच फरक नाही. जाडीच्या २० पट रुंद पत्रे घेतले तर ६३ टक्के. १०० पट रुंद घेतले तर २७ टक्के. पदार्थ तेवढाच घातला, फक्त आकार बदलला, आणि गळती चौथ्या हिश्श्यावर आली. ‘नॅनो’ या शब्दात जादू नाही, जादू पातळपणात आहे. म्हणून कुठल्याही जाहिरातीत नुसतं ‘नॅनो पार्टिकल्स’ वाचलं तर विचारा: गोल की चपटे?

हे गणित एक गोष्ट गृहीत धरतं: पत्रे सुटे, सारखे पसरलेले आणि आडवे आहेत. प्रत्यक्षात पिठल्यासारखी गत होते. बेसन नीट सैल केलं नाही की गुठळ्या. नॅनोकणांना एकमेकांची फार ओढ असते. प्रमाण वाढवलं की ते एकत्र येऊन जाड ढेकूळ बनतात, ढेकळाच्या कडेने फट राहते आणि लेप आधीपेक्षा जास्त गळतो. त्यामुळे बहुतेक प्रयोगांत काही टक्क्यांपर्यंत फायदा वाढत जातो आणि मग आलेख उलटा फिरतो. जास्त घातलं म्हणजे जास्त चांगलं, असं इथे चालत नाही. आणि कागद घडी घालताना लेपाला तडा गेला, तर वरचं सगळं गणित त्या एका तड्यातून वाहून जातं. रांगेचा बांबूच मोडला की कोण वळसा घालणार?

माटुंग्यातला कापूस

या विषयात मुंबईचं काम आहे आणि ते फारसं कोणाला माहीत नाही. माटुंग्याला सिरकॉट आहे, म्हणजे केंद्रीय कापूस प्रौद्योगिकी संशोधन संस्था. १९२४ मध्ये कापसाच्या तपासणीची प्रयोगशाळा म्हणून सुरू झालेली. या संस्थेने २०१५ मध्ये नॅनोसेल्युलोजचा पथदर्शी कारखाना उभा केला, देशातला अशा प्रकारचा पहिला. क्षमता आठ तासांच्या पाळीत सुमारे १० किलो.

कच्चा माल आपल्या ओळखीचा. सरकीवर लांब धागा काढून घेतल्यावरही आखूड लव चिकटून राहते, तिला लिंटर म्हणतात. ती जवळपास शुद्ध सेल्युलोज असते. सेल्युलोजचा तंतू म्हणजे दोरखंड समजा: दोरात दोऱ्या, दोरीत सुतळ्या, सुतळीत धागे. रसायन, एन्झाइम आणि प्रचंड दाब यांचा वापर करून तो उकलत गेलात की शेवटी काही नॅनोमीटर ते काही दशक नॅनोमीटर जाडीचे तंतू हाती येतात. पाण्यात ते लापशीसारखे दिसतात. कागदावर पसरून वाळवले की एकमेकांत घट्ट विणले जाऊन पारदर्शक थर तयार होतो.

१० किलो म्हणजे किती, याचा अंदाज घ्या. चौरस मीटरला १ ग्रॅम एवढा पातळ थर दिला, तर १०,००० चौरस मीटर कागद. एका मध्यम पाकिटाला ०.१ चौरस मीटर कागद धरला तर एका पाळीत लाखभर पाकिटं. दहा किलो ऐकायला चिमूटभर वाटतं, पण लेपाच्या दुनियेत ती बरीच मोठी चिमूट आहे.

आमच्या किनाऱ्याला जवळचा दुसरा पदार्थ म्हणजे कायटोसान. कोळंबी सोलली की उरलेल्या टरफलात कॅल्शियम, प्रथिनं आणि कायटिन असतं. आम्लाने कॅल्शियम काढायचं, अल्कलीने प्रथिनं काढायची, मग तीव्र अल्कलीत कायटिनचं कायटोसान करायचं. कोचीच्या केंद्रीय मत्स्य प्रौद्योगिकी संस्थेने हे तंत्र आपल्याकडे कितीतरी वर्षांपूर्वी बसवलं. कायटोसान व्हिनेगरसारख्या सौम्य आम्लात विरघळतं, पसरवलं की फिल्म होते, आणि त्याच्या रेणूवरचा धनभार जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणाला त्रास देतो. म्हणजे लेपही आणि थोडा पहारेकरीही. एक शंका मात्र रास्त आहे: ज्यांना कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी आहे त्यांचं काय? ॲलर्जी प्रथिनांमुळे होते आणि शुद्ध कायटोसानात ती काढलेली असतात, पण ‘शुद्ध’ किती हे बनवणाऱ्यावर अवलंबून. पाकिटावर तसं लिहिलेलंच असावं.

पहारा आणखी कडक हवा असेल तर झिंक ऑक्साइड किंवा चांदीचे नॅनोकण घालतात. माझं मत विचाराल तर चांदीची गरज सुक्या मासळीला नाही. पाणी अडवलं की जिवाणू आपोआप थांबतात. जिवाणूनाशक घालून आपण पुढे हेच पाकीट कुजवणाऱ्या जिवाणूंची वाटही अडवतो.

आता तो ‘कोरडी’ शब्द

संशोधनाच्या बातम्यांमध्ये ‘नॅनोसेल्युलोजचा लेप प्लास्टिकपेक्षा कितीतरी पट चांगला’ असं वाचाल. ते खोटं नसतं. पण ती तुलना ऑक्सिजनची असते, आणि मोजणी बहुधा २३ अंश सेल्सियसला, कोरड्या किंवा ५० टक्के आर्द्रतेच्या हवेत झालेली असते. नॅनोसेल्युलोज शेवटी सेल्युलोजच आहे. त्याला पाणी आवडतं. आर्द्रता ७० टक्क्यांच्या पुढे गेली की तंतू फुगतात आणि अडवण्याची ताकद झपाट्याने घसरते. आपला जुलै तर ८५ ला सुरू होतो.

फोनच्या आयपी६८ सारखंच आहे हे. तो आकडा ठरावीक खोलीच्या, ठरावीक वेळेच्या, स्थिर गोड्या पाण्यातला असतो. आयपी६८ वाचून फोन घेऊन गोराईच्या समुद्रात उतरलेल्यांचे अनुभव तुम्हाला माहीत असतीलच. आकडा बरोबर होता, परिस्थिती वेगळी होती.

पाण्याच्या वाफेची मोजणी मात्र बऱ्याचदा ३८ अंश आणि ९० टक्के आर्द्रतेला करतात, म्हणजे आपल्या हवामानाच्या जवळ. त्यामुळे एखाद्या लेपाबद्दल वाचताना ऑक्सिजनचा आकडा बाजूला ठेवा आणि वाफेचा शोधा. तो दिलाच नसेल तर का नाही, हे तुम्हीच ओळखा.

यावर उपाय शोधले जात आहेत आणि काही खरोखर हुशारीचे आहेत. एक म्हणजे सँडविच: मध्ये नॅनोसेल्युलोज, दोन्ही बाजूंना पीएलए किंवा मेणाचा थर. बाहेरचे थर वाफ अडवतात, आतला ऑक्सिजन. दुसरा, सायट्रिक आम्लासारख्या पदार्थाने साखळ्या एकमेकींना बांधून टाकणं, म्हणजे त्यांना फुगायला जागाच राहत नाही. तिसरा, लेपात मधमाशीचं मेण किंवा लाख मिसळणं. लाख आपल्याकडे गोळ्या-औषधांवर आणि फळांवर आधीपासून वापरतात.

चौथा परसातून आलेला. अळवावरचं पाणी आपण म्हणतो ना, ते टिकत नाही कारण अळूच्या पानावर सूक्ष्म उंचवटे असतात आणि त्यांवर मेणाचे नॅनो आकाराचे स्फटिक. थेंबाखाली हवा अडकते, थेंब पानाला टेकतच नाही, घरंगळतो. असा पृष्ठभाग कागदावर बनवता येतो. फक्त एक अडचण आहे: अळूचं पान बोटाने जोरात चोळा आणि मग पाणी टाका. चोळलेल्या जागी पाणी चिकटतं. पाकीट तर ट्रकमध्ये दिवसभर घासलं जाणार. आणि हा गुण थेंबांसाठी आहे, वाफेसाठी नाही. वाफ उंचवट्यांच्या मधून आरामात जाते. पावसात भिजणाऱ्या पाकिटाला हे चालेल, दमट खोलीत दोन महिने पडून राहणाऱ्याला नाही.

हे कण पोटात जातात का?

प्रश्न बरोबर आहे आणि त्याचं एकच उत्तर नाही. एफएसएसएआयच्या २०१८ च्या पॅकिंग नियमांनुसार प्लास्टिक पॅकिंगमधून अन्नात उतरणाऱ्या सगळ्या पदार्थांची एकूण मर्यादा किलोला ६० मिलिग्रॅम, किंवा चौरस डेसिमीटरला १० मिलिग्रॅम आहे. पण ही वजनाची मर्यादा. नॅनोकणाचं वजन नगण्य आणि पृष्ठभाग प्रचंड, त्यामुळे नुसतं वजन बघून भागत नाही. युरोपात म्हणूनच प्लास्टिकमध्ये नॅनो रूपातला पदार्थ वापरायचा तर त्या रूपासाठी वेगळी परवानगी लागते. साध्या रूपाची परवानगी चालत नाही. आपल्याकडे जैवतंत्रज्ञान विभागाने २०२० मध्ये शेती आणि अन्नातल्या नॅनो उत्पादनांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वं आणली.

ढोबळ फरक इतका सांगता येईल. माती आणि सेल्युलोजचे कण पॉलिमरमध्ये अडकून राहतात आणि सेल्युलोज तर आपण भाजीतून रोज खातो, पण नॅनो आकारात ते आतड्यात कसं वागतं हा वेगळा अभ्यास आहे. झिंक आणि चांदी विरघळून आयन रूपात अन्नात उतरू शकतात, खासकरून लोणचं किंवा कोकमासारख्या आंबट पदार्थात. कोरड्या बोंबलात ही भीती कमी, आमसुलाच्या पाकिटात जास्त. पॅकिंग कशासाठी आहे हे न बघता ‘सुरक्षित’ किंवा ‘धोकादायक’ म्हणणं, दोन्ही चूक.

आणि मग ते कुजतं का?

आपल्याकडे ‘कंपोस्टेबल’ म्हणवण्यासाठी आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक आहे. त्यातली मुख्य चाचणी सुमारे ५८ अंश सेल्सियसला होते: १८० दिवसांत ९० टक्के विघटन. ५८ अंश म्हणजे मोठ्या, नीट चालवलेल्या कंपोस्ट ढिगाच्या पोटातली उष्णता. बाल्कनीतल्या कुंडीत ती मिळत नाही, धावगीच्या मिश्र कचऱ्यात तिची खात्री नाही आणि समुद्रात तर प्रश्नच नाही. पीएलए साधारण ६० अंशाला मऊ पडतं आणि त्याच सुमारास पाणी त्याच्या साखळ्या झटपट तोडू लागतं. थंड समुद्राच्या पाण्यात ते वर्षानुवर्षं तसंच राहू शकतं. खाडीत पडलेला पीएलएचा कप बोटीच्या जाळ्याला पॉलिथीनपेक्षा वेगळा वाटणार नाही.

पुण्याजवळ जेजुरीला प्राज इंडस्ट्रीजने २०२४ मध्ये पीएलएचं प्रात्यक्षिक केंद्र सुरू केलं, त्यामुळे पुढच्या काही वर्षांत देशी पीएलए दिसू लागेल. तेव्हा हा फरक आपल्याला माहीत असायला हवा. समुद्रात खरोखर कुजणारं हवं असेल तर जिवाणू ज्याला चरबीसारखं साठवतात ते पीएचए, नाहीतर कायटोसान-सेल्युलोज. पीएचए महाग आहे, आणि दुसऱ्या जोडीला जुलै झेपत नाही.

लेपातले कण इथेही ढवळाढवळ करतात. काही प्रयोगांत मातीच्या पत्र्यांमुळे पीएलए लवकर तुटलं. जिवाणूनाशक कणांनी तेच काम लांबू शकतं.

तर पुढच्या वेळी ‘इको-फ्रेंडली’ असं लिहिलेलं पाकीट हातात आलं की मागची बाजू बघा. १७०८८ आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा प्रमाणपत्र क्रमांक आहे का? नुसतं ‘बायोडिग्रेडेबल’ आणि हिरवं पान छापलेलं असेल तर ती फक्त छपाई. दोन्ही असतील तरी ते पाकीट सुक्या कचऱ्यात टाकू नका, पॉलिथीनच्या रिसायकलिंगमध्ये ते मिसळलं तर तो माल बिघडतो. आणि घरी सुके बोंबील असतील, तर सध्या तरी घट्ट झाकणाचा काचेचा किंवा स्टीलचा डबाच घ्या. तोही वाफ आत येऊ देत नाही आणि पुढच्या पावसाळ्यातही कामाला येतो.